दप्तरातली राणी

झाशीच्या राणीसंबंधी मराठी माणसाच्या मनात जी मूर्ती आहे, ती मुख्यतः दोन पुस्तकांनी घडविली. पहिले दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेले राणीचे चरित्र. दुसरे विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांचा 'माझा प्रवास', जो चिंतामणराव वैद्य ह्यांनी १९०७ साली लोकांपुढे आणला. नाटके, पोवाडे, शालेय पाठ आणि चित्रपट हे सारे ह्या दोन झऱ्यांवर पोसलेले आहे. तिसरा झरा मात्र फार काळ कुलुपात होता. तो म्हणजे कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याचे दप्तर. ज्या कागदांवर १८५७ साली 'गुप्त' असा शेरा पडला, ते पाहण्याची सोय पारसनिसांना नव्हती. आज तेच कागद आपल्यापैकी कोणीही, बदलीच्या कोणत्याही गावी, रात्रीचे जेवण झाल्यावर संगणकापुढे बसून पाहू शकतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ११ मार्च २०१५ रोजी 'अभिलेख पटल' नावाचे संकेतस्थळ उघडले. ११ मार्च ही तारीखही योजूनच निवडलेली, कारण ह्याच तारखेस १८९१ साली कलकत्त्यास 'इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट'ची स्थापना झाली होती.

ही सोय झाली हे उत्तमच झाले. परंतु सोय आणि ज्ञान ह्या दोन वस्तू एक नव्हेत. हे कागद हाती आल्याने राणीविषयीच्या आपल्या वाङ्मयाचे मोल कोठे वाढते, कोठे घटते, आणि ह्या कागदांचेच मोल किती धरावयाचे, ह्याची चिकित्सा होणे जरूर आहे. ती करण्यास झाशीइतके योग्य स्थळ नाही. आणि असे म्हणण्याचे धैर्य होते की, सरकारी नोकरीत मुरलेल्या मराठी वाचकाइतका योग्य परीक्षकही नाही. फाईल कशी जन्मते, कशी वाढते आणि कोणाच्या टेबलावर जाऊन निजते, हे त्याला कोणी शिकवावयास नको.

प्रथम पारसनिसांचे पाहू. त्यांचे चरित्र हा इतिहास आहे तसेच ते वकीलपत्रही आहे. १८९४ साली राणीचे नाव आदराने घ्यावयाचे तर तिच्यावरील एक किटाळ आधी दूर करणे भाग होते. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या किल्ल्यातून शरण आलेले कॅप्टन स्कीन आणि त्यांच्यासमवेतची बायकामुले ह्यांची जोखनबागेत कत्तल झाली. ही कत्तल राणीच्या सांगण्यावरून झाली, असा इंग्रजांचा दावा होता. पारसनिसांनी तिच्या निर्दोषत्वाचा मोठा पुरावा म्हणून मार्टिन नावाच्या साहेबाचे पत्र पुढे केले. हे पत्र मार्टिनने १८८९ साली राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव ह्यांस लिहिले होते. कत्तलीशी राणीचा काही संबंध नव्हता, उलट तिने इंग्रज अधिकाऱ्यांना साहाय्यच केले, तिने जबलपूरला आणि आग्र्याला खलिते धाडले, आणि तरीही तिचे काही ऐकून न घेता तिला दोषी ठरविण्यात आले, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्र घटनेनंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेले. न्यायालयात अशा साक्षीदाराची उलटतपासणी कशी झाली असती, ह्याची कल्पना कोणाही वाचकास करता येईल. पारसनिसांनी ती केली नाही, कारण त्यांना साक्षीदार हवा होता आणि दुसरा मिळण्याजोगा नव्हता.

आता सरकारी दप्तर काय सांगते ते पाहावे. राणीने १२ जून आणि १४ जून १८५७ रोजी सागर-नर्मदा प्रांताचा कमिशनर अर्स्किन ह्याला जबलपूरला दोन खलिते लिहिले. ते पोचले. बंडवाल्या शिपायांनी राजवाडा तोफेने उडवून देण्याची धमकी देऊन आपल्याकडून पैसा उकळला, कत्तलीमुळे आपणास दुःख झाले, मुलखात अंदाधुंदी माजली आहे, आपल्याजवळ फौज नाही, तरी बंदोबस्ताची आज्ञा व्हावी, असा त्यांचा सारांश. अर्स्किनने २ जुलै रोजी उत्तर दिले: नवा अधिकारी येईपर्यंत सरकारच्या वतीने तुम्हीच झाशीचा कारभार पाहावा, वसूल गोळा करावा. हे सारे त्याने कलकत्त्यास कळविले. कलकत्त्याच्या सरकारने अर्स्किनला दोष दिला नाही. पण त्याच जुलैत असे कळविले की, राणीने दिलेली हकीगत खोटी ठरल्यास ह्या उत्तराचा आधार तिला मिळणार नाही.

ह्या चार कागदांनी मार्टिनचे पत्र एकाच वेळी खरेही ठरते आणि खोटेही. राणीने जबलपूरला लिहिले होते हे खरे ठरले. मार्टिनला १८८९ साली ते ठाऊक होते, म्हणजे त्याची माहिती अगदीच हवेतील नव्हती. परंतु तिचे काही ऐकूनच घेतले नाही, हे मात्र टिकत नाही. तिचे ऐकून घेतले, तिला उत्तर दिले, तिच्यावर काम सोपविले, आणि ते सोपवीत असतानाच वरच्या कचेरीने तिच्याविरुद्ध एक दार उघडे ठेवले. न ऐकता दोषी ठरविणे हा अन्याय असतो. ऐकून, वापरून, मग दोषी ठरविणे ह्याला कोणते नाव द्यावे ते वाचकांनीच ठरवावे. पारसनिसांना हे कागद मिळाले असते तर त्यांचे वकीलपत्र कितीतरी अधिक भेदक झाले असते.

हे कागद प्रथम नीट वाचून त्यांवर ग्रंथ रचले गेले ते १९५७ च्या सुमारास. सुरेंद्रनाथ सेन हे स्वतः अभिलेखागाराचे प्रमुख राहिलेले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर आणि लष्करावर त्यांचे ग्रंथ आधीच होते, म्हणून आपल्याला ते परके नाहीत. भारत सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी १८५७ वर ग्रंथ लिहिला. रमेशचंद्र मजुमदारांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे लिहिले. दोघांचे इतर बाबतींत एकमत नसले, तरी राणीविषयी दोघेही ह्याच खलित्यांपाशी थांबतात. कत्तलीचा दोष तिच्याकडे जात नाही, आणि जूनमध्ये तिने बंडाचा झेंडाही उभारला नव्हता. परिस्थितीने तिला त्या बाजूस लोटले, असा एकंदर निष्कर्ष निघतो.

मराठी वाचकाला येथे खटकते, आणि ते खटकणे लपविण्यात अर्थ नाही. आपली राणी सहा-सात महिने इंग्रजांच्या नावाने कारभार पाहते, ओरछ्याचा नत्थेखान चालून आला असता इंग्रजांकडे मदत मागते, १८५८ च्या जानेवारीतदेखील सर रॉबर्ट हॅमिल्टनला पत्र लिहिते, हे पोवाड्यात बसत नाही. मग पुष्कळ लेखक एका शब्दाचा आश्रय घेतात: मुत्सद्देगिरी. राणीने वेळ काढण्यासाठी इंग्रजांना झुलविले, असे म्हटले की सर्व विसंगती मिटतात. मला हा उपाय फार सोपा वाटतो. मुत्सद्देगिरीचा आरोपही शेवटी आरोपच आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. इंग्रज म्हणत की पत्रे कपटी आहेत; आपण म्हणतो की पत्रे कपटी आहेत आणि म्हणून छान आहेत! राणीच्या शब्दावर विश्वास ठेवावयास दोन्ही पक्ष तयार नाहीत, ही मोठी चमत्कारिक स्थिती आहे.

शिवाय मुळात हे शब्द तिचे किती, हा प्रश्न राहतोच. दप्तरात आपण जे वाचतो ते खलित्याचे सरकारी इंग्रजी भाषांतर असते. खलित्याची भाषा ही दरबारी साच्याची भाषा. तीत दैन्य असते, आर्जव असते, समोरच्याच्या प्रतापाचे वर्णन असते. त्याला भावनेचा पुरावा मानता येत नाही. साहेबाच्या अमदानीत ज्यांनी इंग्रजी मसुदे लिहिले, त्यांनी प्रत्येक पत्राखाली स्वतःला साहेबाचा अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणवून घेतले. त्यावरून सगळेच आज्ञाधारक होते असे उद्याचा संशोधक म्हणू लागला तर आपण हसू. राणीच्या खलित्यातील नम्रतेवरून तिच्या मनाचा अंदाज बांधणारा टीकाकार हीच चूक करतो. साचा बाजूला काढावा आणि मागे उरेल ते वाचावे. उरते ते हे: फौज नाही, पैसा नेला, मुलूख बिथरला आहे, हुकूम काय? हे एका कारभार करणाऱ्या बाईचे, अडचणीच्या वेळी लिहिलेले कामकाजाचे पत्र आहे. त्यात कपटही दिसत नाही आणि शरणागतीही दिसत नाही.

ह्याउलट कत्तलीनंतरच्या जबान्या घ्या. किल्ल्यातून वाचलेली मटलो नावाची बाई, स्कीनचा खानसामा, आणखी काही जण ह्यांची निवेदने दप्तरात आहेत, आणि झाशी पुन्हा जिंकल्यावर कॅप्टन पिंकनीने १८५८ च्या अखेरीस तयार केलेला अहवालही आहे. राणीविरुद्धचा पुरावा म्हणतात तो मुख्यतः ह्यांतलाच. जबानी वाचताना प्रश्न विचारावयाचे ते आपणा सर्वांस ठाऊक असतात: कोणी घेतली, कोणापुढे, कोणत्या दिवशी, आणि देणाऱ्याचे त्या उत्तरावर काय अवलंबून होते? १८५८ साली बुंदेलखंडात एखाद्या नोकराने साहेबापुढे उभे राहून राणी निर्दोष होती असे सांगितले असते तर त्याचे काय झाले असते, हे समजावयास विशेष कल्पनाशक्ती नको. खुद्द किल्ल्यात असलेल्या माणसाला राजवाड्यात काय चालले होते हे कसे दिसणार, हा आणखी एक साधा प्रश्न. जूनमधील खलिते आणि त्यानंतरच्या वर्षातील अहवाल ह्यांत अंतर आहे ते एवढे: मधल्या काळात सरकारने निर्णय करून टाकला होता.

येथेच संगणकावरील दप्तराविषयी माझी मुख्य तक्रार येते. पूर्वी संशोधक दिल्लीस जाई, अर्ज भरी, आणि त्याच्यापुढे जाडजूड बांधणीचे पुस्तक किंवा गठ्ठा येई. त्याला हवे असलेले एक पत्र गाठण्यासाठी तो त्याच्या आगेमागची चाळीस पत्रे उलटीत असे, आणि त्या उलटण्यातच त्याचे शिक्षण होत असे. आज आपण शब्द घालतो आणि पत्र उघडते. पण ते आपल्या शेजाऱ्यांपासून तुटून येते. सहपत्र एकीकडे, मूळ पत्र दुसरीकडे, त्यावरचा शेरा तिसरीकडे. परराष्ट्र खात्याचे त्या काळातील कागद लिहिल्याच्या तारखेने लावलेले नाहीत, कौन्सिलपुढे विचारार्थ आल्याच्या तारखेने लावलेले आहेत. त्यामुळे राणीचे जूनचे खलिते जुलैअखेरच्या तारखेखाली सापडतात. हे ज्याला ठाऊक नाही तो जून महिना शोधून रिकाम्या हाती परततो आणि कागदच नाहीत असे जाहीर करतो. कागदाची मालिकेतील जागा हाही पुराव्याचाच भाग असतो. अर्स्किनला खलिता केव्हा मिळाला, त्याने किती दिवस ठेवून घेतला, वर पाठविताना सोबत काय जोडले, हे सुटे पान सांगत नाही.

दुसरी अडचण स्पेलिंगची. त्या काळचे कारकून कानाला लागेल तसे लिहीत. झाशीच्या इंग्रजी नावाचा शेवट कधी एका 'आय'ने होतो, कधी दोन 'ई'ंनी, कधी 'आय' आणि 'ई' ह्या जोडीने. राणी ह्या शब्दाचीही तीच गत. लक्ष्मीबाई ह्या नावाची तर ओळख पटणे कठीण. जबलपूर, सागर, कानपूर ही सर्व नावे जुन्या पेहेरावातच आहेत. ओरछ्याचे संस्थान पुष्कळदा टेहरी ह्या नावाने येते, आणि नवखा वाचक ते थेट हिमालयात नेऊन ठेवतो. पटलावरील सूची जुन्या छापील सूचीवरूनच उतरलेली असल्यामुळे आजचे शुद्ध रूप घालून शोधणाऱ्याला थोडेच हाती लागते. (झाशीच्या रेल्वेस्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाई हे नाव दिलेले आहे, उद्याच्या शोधकाला राणीचा माग काढताना गाड्यांची वेळापत्रकेही चाळावी लागतील असे दिसते.) पुष्कळ नोंदींपुढे केवळ विषय असतो, कागदाची प्रतिमा नसते. मग दिल्लीस जाणे आलेच.

तिसरी गोष्ट झाशीपुरतीच आहे, पण ती झाशीतल्याही फार थोड्यांना ठाऊक असते. १८६१ साली झाशीचे शहर आणि किल्ला इंग्रजांनी शिंद्यांना दिला, आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. म्हणजे पाव शतक हे शहर ग्वाल्हेर दरबारचे होते. राणीच्या पाडावानंतर शहरात काय उरले, मराठी घराण्यांचे काय झाले, देवस्थानांची व्यवस्था कोणी लावली, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने झाशी हा शब्द विसरून ग्वाल्हेर रेसिडेन्सीचे कागद उघडावे. कोणतेही शोधयंत्र ही गोष्ट आपण होऊन सांगणार नाही.

आणि जे दप्तर जळाले ते तर कोणत्याच यंत्रात नाही. ३ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजची फौज शहरात शिरली आणि दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. त्यानंतरच्या दिवसांचे वर्णन विष्णुभटांनी केले आहे. घरोघरची लूट, विहिरी, प्रेते, आणि राजवाड्यातील पोथ्यांच्या संग्रहाचा झालेला नाश. राणीच्या दरबाराचे दप्तर म्हणून एकत्र असा संग्रह आज संशोधकांच्या हाती नाही. पेशव्यांचे दप्तर पुण्यास टिकले, कारण जमिनी, वतने आणि इनामे ह्यांचे दावे तपासण्यास ते सरकारला उपयोगी होते. तेही आपल्या विद्वानांना सहजासहजी पाहू दिले नाही. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातून निवडलेले पंचेचाळीस भाग छापून बाहेर पडेपर्यंत १९३० नंतरची वर्षे उजाडली. परंतु निदान ते होते. झाशीच्या कागदांचा जेत्याला काही उपयोग नव्हता. म्हणून आज पटलावर आपण जो संवाद वाचतो त्यात एकाच बाजूचे दप्तर शिल्लक आहे, आणि दुसऱ्या बाजूचे जे काही आहे ते पहिल्या बाजूच्या भाषांतरातून आलेले आहे. ह्या गोष्टीचे भान न ठेवता केवळ सरकारी कागदाने सिद्ध होईल तेवढाच इतिहास, असा बाणा धरणारे हल्ली पुष्कळ आढळतात. त्यांच्या शास्त्रीयतेला माझा विरोध नाही. पण तिच्यात जेत्याच्या कपाटाचे कुलूपच प्रमाण धरलेले असते.

म्हणून 'माझा प्रवास' लागतो. तो दप्तराला पर्याय म्हणून नव्हे. जून १८५७ च्या घटनांविषयी विष्णुभटांची हकीगत ऐकीव आहे. ते तेव्हा झाशीत नव्हते. त्यांच्या तारखांवर आणि आकड्यांवर फार भार टाकू नये. पेण तालुक्यातील वरसईचा गरीब भिक्षुक, घरचे कर्ज फेडण्यासाठी यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला, आणि परत आल्यावर कित्येक वर्षांनी आठवणीने लिहिणारा. पण वेढ्याच्या दिवसांत तो आत होता. तोफेचा गोळा पडल्यावर वाड्यातली माणसे कोठे दडली, पाण्याचे कसे हाल झाले, हे त्याने पाहिले. आणि पुढे काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग! पराभूत, धुळीने माखलेली राणी विहिरीशी येते. भटजी तिच्यासाठी पाणी काढावयास पुढे होतात. ती त्यांना थांबविते, आपण विद्वान ब्राह्मण, आपण मजसाठी हे करू नये असे सुचविते, आणि मडक्याने स्वतः पाणी काढून पिते. ह्या प्रसंगाला सरकारी दप्तरात जागा असणे शक्य नव्हते. सरकारला त्या वेळी एवढेच हवे होते की राणी कोणत्या दिशेने गेली आणि तिच्याबरोबर किती स्वार होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. गुप्ततेचा शेरा काही सरकारच मारते असे नाही. विष्णुभटांनी वैद्यांच्या सांगण्यावरून आपली हकीगत १८८३ च्या सुमारास लिहून दिली. वैद्यांनी ती चोवीस-एक वर्षे ठेवून घेतली, आणि १९०७ साली काढली तेव्हा स्वतःची लेखणी तीवर चालविली. भाषा नीट केली, काही गाळले, काही आवरले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा विष्णुभटांचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू आला. म्हणजे सरकारचे गुप्त कागद १९५७ च्या ग्रंथांतून बाहेर आले, आणि आपल्या भटजींचे शब्द त्याहून नऊ वर्षांनी! वैद्यांना दोष देणे सोपे आहे. सरकारी रोषाची भीती त्या काळी खरी होती, आणि त्यांनी हस्तलिखित जपून ठेवले म्हणूनच पोतदारांना ते छापता आले. तरीपण अजूनही बाजारात आणि संगणकावरही वैद्यांचीच प्रत पुष्कळदा 'मूळ' म्हणून पुढे येते. वाचणाऱ्याने मुखपृष्ठ उलटून कोणाची प्रत आहे ते पाहावे. दप्तराला जी कसोटी लावावयाची तीच आपल्या घरच्या ग्रंथालाही लावली पाहिजे.

दप्तर आणि आठवण ह्यांची सांगड घालण्याचा उद्योग इतर भाषांत झाला आहे. झाशीत वकिली करणाऱ्या वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी १९४६ ची. महाश्वेतादेवींचे बंगाली चरित्र १९५६ चे. ते लिहिण्यासाठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या आणि लोकगीते व आठवणी गोळा करून गेल्या. वर्मांची कादंबरी मला गावाच्या वर्णनात जितकी खरी वाटते तितकी राणीच्या मनाच्या वर्णनात वाटत नाही. तेथे १९४६ सालची देशभक्ती बोलू लागते. कुसुमाग्रजांनी 'वीज म्हणाली धरतीला' ह्या नाटकात राणी रंगभूमीवर आणली, पण नाटकाचे प्रयोजन वेगळे असते आणि त्याला दप्तराचा हिशेब विचारू नये. तो चरित्रकाराला विचारावा.

गुप्त कागदांचे आकर्षण मोठे असते, आणि ते आकर्षणच वाचकाला फसविते. अमेरिकेच्या हेरखात्याने २०१७ च्या जानेवारीत सुमारे १ कोटी ३० लक्ष पाने सर्वांसाठी खुली केली, तेव्हा त्यांतील वाटेल तो अहवाल उचलून 'आता सत्य बाहेर आले' अशी आरोळी ठोकणारे आपल्याकडेही निघाले. हेराचा अहवाल म्हणजे हेराने काय ऐकले त्याचा कागद. त्यावरचा शिक्का आतील मजकूर खरा ठरवीत नाही. नेताजींच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ रोजी उघडल्या, तेव्हा लोकांनी त्यांत एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले. १९४३ साली सिंगापुरात त्यांनी उभारलेल्या झाशीची राणी पथकाचे नाव घेणारे फार. त्या पथकातील मुलींची कागदोपत्री हकीगत वाचावी असे वाटणारे थोडे. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, आणि पंचवीस वर्षांवरील कागद पारखून अभिलेखागाराकडे सोपवावेत अशी त्याखाली व्यवस्था आहे. ती अमलात आणणारे आपणच. कोणती फाईल कायमची ठेवावयाची आणि कोणती रद्दीत काढावयाची, हा निर्णय पुष्कळदा निवृत्तीला आलेला एखादा सेक्शन ऑफिसर दुपारच्या चहाच्या आधी घेतो. त्याच्या हातून 'गुप्त' फाईल सहसा नष्ट होत नाही. नष्ट होतात त्या साध्या फायली.

आणि झाशीच्या बाबतीत माझे मत असे होत चालले आहे की, खरा इतिहास त्या साध्या फायलींतच आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्या दिवशी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवलेले होते. डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणाने संस्थान खालसा केले. ह्या प्रकरणाचे कागद १८५५ सालीच पार्लमेंटपुढे छापून आले, म्हणजे ते कधीच फारसे गुप्त नव्हते. परंतु त्यानंतरची तीन वर्षे, म्हणजे मे १८५४ पासून जून १८५७ पर्यंतचा काळ, मराठी चरित्रांत दोन-चार पानांत उरकला जातो. लढाई नाही, तलवार नाही, म्हणून लेखकाला घाई होते. ह्या काळात राणी ही ५,००० रुपये मासिक तनखा ठरविलेली एक विधवा होती आणि तिचा सारा व्यवहार अर्ज, शेरे, नामंजुऱ्या आणि स्मरणपत्रे ह्यांतून चालला होता. गंगाधररावांच्या वेळचे कर्ज तिने आपल्या तनख्यातून फेडावे असे सरकारने म्हटले. राज्य घेतले ते सरकारने, पण राज्याचे कर्ज मात्र विधवेचे! हॅमिल्टनला हे रुचले नव्हते, पण वरचा आग्रह टिकला. महालक्ष्मीच्या देवळाच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला. शहरात गोवधाचा प्रश्न निघाला. प्रत्येक वेळी तिने लिहिले आणि प्रत्येक वेळी कोणी तरी सभ्य भाषेत नाही म्हटले.

ह्यांतील मुंजीचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. मयत राजाची खाजगी ठेव, सुमारे ६ लक्ष रुपये, दत्तक मुलगा सज्ञान होईपर्यंत सरकारने अनामत ठेवली होती. राज्याच्या बाबतीत ज्याचे दत्तविधान अमान्य, तोच मुलगा ठेवीच्या बाबतीत मात्र कायदेशीर वारस! मुलाची मुंज करावयाची म्हणून राणीने त्यातील १ लक्ष मागितले. ह्या रकमेवर पुढे मुलाने हक्क सांगितला तर काय, अशी शंका काढून सरकारने तिच्याकडे जामीन मागितले. चार वर्षांपूर्वी जिच्या दाराशी चौघडा वाजत होता, तिला पोराच्या मुंजीसाठी गावातल्या सावकारांकडे जामीन राहण्यास माणसे शोधावी लागली. हा शेरा मारणारा अधिकारी दुष्ट नव्हता. अल्पवयी मुलाच्या ठेवीविषयी कोणीही दक्ष अधिकारी हेच लिहील, आणि आज आपल्या टेबलावर तो अर्ज आला तर आपणही कदाचित हेच लिहू. १८५७ च्या जूनमध्ये तिने अर्स्किनला लिहिले तेव्हा तिच्या मागे अशा कागदांची तीन वर्षे होती, आणि तरीही तिने लिहिले. तो खलिता ह्या फायलींच्या शेजारी ठेवून वाचला म्हणजे त्यातील स्वर निराळा लागतो.

ज्यांना हे काम हाती घ्यावेसे वाटेल त्यांनी दामोदरराव आणि आनंदराव ह्या दोन्ही नावांनी शोध घ्यावा, तोही जुन्या स्पेलिंगांच्या सर्व रूपांत, आणि १८५८ पाशी थांबू नये. मुलगा इंदूरला सरकारच्या देखरेखीखाली अल्पशा तनख्यावर वाढला, तेथेच संसार केला, आणि १९०६ साली वारला. ६ लक्षांची ती ठेव त्याला मिळाली नाही.